उरलेला आकडा

पेटी आली त्या दिवशी वैजूने ती दोन्ही हातांनी छातीशी धरून फाटकापासून घरापर्यंत आणली. इतकं हळू चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, आत मांजर आहे का?" मी विचारलं.

"हसू नकोस आजी. आत एक वजन टांगलंय. केसापेक्षा बारीक स्प्रिंगला. धक्का लागला तर संपलं."

वैजू म्हणजे वैजयंता, माझ्या भाचीची मुलगी. तेव्हा अकरा वर्षांची होती. भाची सानिका आणि जावई हर्षल दोघेही पवनचक्क्यांच्या देखभालीवर असतात. पठारावरच्या कंपनीच्या वसाहतीत राहतात. घरं नऊ, मुलं पाच, आणि सर्वांत जवळची शाळा घाट उतरून एकोणचाळीस किलोमीटरवर. म्हणून पाचही मुलं घरीच शिकतात. हे गेल्यावर मी इथे चार दिवसांसाठी आले, त्याला आता सहा वर्षं झाली. आईबाप मनोऱ्यावर चढले की वैजू आणि मी.

मी बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. आमच्या अख्ख्या कॉलेजात चांगला मायक्रोस्कोप एकच होता. तो कपाटात असे आणि कपाटाची किल्ली प्राचार्यांकडे. वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, तो टेबलावर येई आणि मुलं त्याच्याकडे लांबून बघत. इथे आले तेव्हा पाच वर्षांची वैजू स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून पडद्यावर शनीची कडी बघत होती. चित्र नव्हतं ते. दूर डोंगरावरच्या एका दुर्बिणीवर तिच्या नावाने दहा मिनिटं राखून ठेवलेली होती, आणि ही सांगेल तिकडे ती दुर्बीण वळत होती. माझ्या हातातली पोळी तव्यावर जळून गेली.

ही करामत 'मोकळ्या प्रयोगशाळे'ची. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी काही शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी मिळून उभी केलेली, इंटरनेटवरची, फुकट. मुलं तिला नुसतं 'मोप्र' म्हणतात. आधी तिथे पाठ होते, मग खरी उपकरणं आली, आणि २०४३च्या ऑगस्टमध्ये चाळीस हजार घरांत पेट्या आल्या.

पेटी डब्याएवढी. समोर काचेची खिडकी, खिडकीत नऊ आकडे. पृथ्वी आपल्याला किती जोराने ओढते ते ही पेटी मोजते. आत सिलिकॉनची स्प्रिंग, तिला सिलिकॉनचंच इवलंसं वजन. ओढ वाढली की वजन एखाद्या अणूच्या रुंदीएवढं खाली सरकतं, कमी झाली की वर. मोबाइलच्या चिप बनवणारे कारखाने अशा स्प्रिंगा लाखांनी पाडायला लागले, म्हणून एकेकाळी फक्त तेलकंपन्यांना परवडणारं यंत्र आमच्या कोठीच्या खोलीत आलं. पेटी तीन मिलिमीटर वर उचलली तरी शेवटचा आकडा एकाने उतरतो, इतकी ती हळवी.

"आणि तू वाकून बघितलंस तरी उतरतो," वैजू म्हणाली. "तू वरून ओढतेस ना. आजी, तू एक आकड्याची आहेस!"

"बत्तीस वर्षं नोकरी करून एकच?"

"पप्पा दीड आहेत."

मला आठवली ती आमची लॅब. सागवानी टेबलं, दोन फाकांमध्ये दोरा धरणारं बूच, पितळी गोळा, आणि पाच स्टॉपवॉचपैकी चालू असलेली दोन. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत साध्या लंबकावरून g, म्हणजे हीच ओढ, काढायचा प्रयोग ज्याला मिळे तो पोरगा खूश, कारण उत्तर सगळ्या जगाला ठाऊक होतं. नऊ पूर्णांक आठ. पेटीच्या खिडकीत मात्र ९.७८४३२६११ आलं, आणि मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. एवढा लांब तो असतो हे माहीत होतं. माझ्या घरातल्या फरशीचा असा वेगळा आकडा असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो बदलला. सकाळी वाढला, दुपारी उतरला, संध्याकाळी पुन्हा चढला. मी म्हटलं पेटी बिघडली. वैजूने मोप्रचा पाठ लावला. समुद्राला जशी भरती येते तशी जमिनीलाही येते. चंद्र आणि सूर्य मिळून अख्खा खडक ओढतात, आणि दिवसातून दोनदा आपलं पठार, पवनचक्क्या, घाट, खालची गावं, सगळं एकदम फूटभर वर जातं आणि खाली येतं. सगळंच उचललं जातं म्हणून कुणाला कळत नाही.

मी भिंतीला हात लावला. पंचाहत्तर वर्षं मी दिवसातून दोनदा वर गेले आणि खाली आले होते. लग्नाच्या मांडवात, परीक्षेच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर. आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आजी, रडतेस?"

"नाही गं. चंद्र बघायचाय मला."

"दुपारचे बारा वाजलेत!"

पेटीला स्मरणशक्ती दिलेली नव्हती. किंमत कमी राहावी म्हणून, आणि मुद्दामही. मोप्रच्या प्रमुख डॉ. निलोफर शेख यांचं म्हणणं असं की यंत्र स्वतःच आकडे पाठवायला लागलं तर मूल काय शिकणार? म्हणून सकाळी नऊ वाजता वैजू पेटीसमोर पालथी पडायची. शेवटचे दोन आकडे वाऱ्याने, पावलांनी नाचत असत. एक मिनिट टक लावून ते कुठून कुठे नाचतात त्याच्या मधोमधचा आकडा धरायचा आणि पेन्सिलीने वहीत लिहायचा. मग तक्त्यातून त्या वेळची चंद्रसूर्याची ओढ वजा करायची. उरेल तो आपल्या जमिनीचा आकडा. संध्याकाळी पाच वाजता वहीतून बघून तो मोप्रला पाठवायचा. वैजूच्या उरलेल्या आकड्याच्या शेवटी सप्टेंबरभर एकसष्ट येत होते. कधी साठ, कधी बासष्ट.

ऑक्टोबरात ते उतरायला लागले. अठ्ठावन्न. पंचावन्न. एकावन्न.

त्याच सुमारास पडताळणीचा फॉर्म आला. घरी शिकणाऱ्या मुलांची वर्षातून एकदा सरकारी पडताळणी होते. त्यात कमी पडलेल्या मुलाला जिल्ह्याच्या निवासी शाळेत दाखल करावं लागतं. फॉर्म सानिकाने मला भरायला दिला होता, मास्तरीण ना मी. चौदाव्या क्रमांकाला रकाना होता : 'प्रयोगातील वाचनांची अपेक्षित मूल्याशी जुळणी, टक्केवारीत.' खाली बारीक अक्षरांत : 'ऐंशीपेक्षा कमी असल्यास शेरा.' अपेक्षित मूल्य म्हणजे पहिल्या आठवड्याचं, एकसष्ट.

मी वही उघडून हिशेब केला. वैजू घसरत चालली होती. मला डोळ्यांसमोर हॉस्टेलची खोली दिसली, ओळीने लोखंडी खाटा, आणि त्यातल्या एकीवर ही. जी रोज रात्री झोपताना मला विचारते, "आजी, उद्या काय विचारू?"

मग मी ते केलं जे मी बत्तीस वर्षं करत आणि करवून घेत आले होते.

आमच्या कॉलेजात त्याला रीडिंग जुळवणं म्हणत. परीक्षक बाहेरून यायचे, घड्याळं बंद असायची, वेळ दीड तास. मुलं उत्तर आधी मांडायची आणि त्यावरून उलटं गणित करून वाचनं भरायची. मी रागवायची नाही. उलट हुशार मुलांना सांगायची, सगळी अगदी तंतोतंत आणू नका रे, एखादं थोडं चुकवा, म्हणजे खरं वाटतं. माझ्या बॅचचे मार्क कधी कमी आले नाहीत.

वैजू दुपारी गणिताला बसली की मी वही काढायची, खोडरबराने तिचा आकडा पुसायची, साठ किंवा बासष्ट मनात धरून त्यात चंद्रसूर्याची ओढ मिळवायची आणि तिच्यासारखाच उघड्या तोंडाचा चार काढून नवे आकडे लिहायची. हात अजून तसाच चालत होता.

तिसऱ्या आठवड्यात वैजू वही घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आजी, मी सकाळी वजा करून त्रेचाळीस आणले होते. इथे साठ आहेत."

मी कोथिंबीर निवडत होते. वर न बघता म्हटलं, "वाचताना चुकली असशील."

"मी दोनदा वाचलं."

"दोनदा चुकली असशील."

तिने वाद घातला नाही. तिने वाद घालायला हवा होता. पोरगी गुपचूप गेली आणि पेटीसमोर पडून राहिली. मग ते रोजचं झालं. एका मिनिटाऐवजी वीस-वीस मिनिटं. एक डोळा झाकून कॅलेंडर वाचायची, मग दुसरा. सानिका तिला घाट उतरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, डोळे अगदी ठणठणीत आहेत. त्यावर वैजू म्हणाली, "म्हणजे डोक्यात काहीतरी आहे." झोपताना उद्या काय विचारू हे विचारणं तिने सोडलं. मी मनात म्हणत होते, पडताळणी होऊ दे, मग सगळं नीट करते.

डिसेंबरात, पडताळणीच्या आदल्या संध्याकाळी, निलोफर शेख यांचं पत्र सगळ्या घरांना आलं. जेवताना वैजूने ते वाचून दाखवलं. पावसानंतर जमिनीतलं पाणी ओसरतं तसं जमिनीचं वजन कमी होतं, म्हणून उरलेला आकडा उतरायला हवा, असं त्यांनी लिहिलं होतं. पेट्या त्यासाठीच दिल्या होत्या. आधी सांगितलं असतं तर मुलांनी हवं तेच वाचलं असतं, म्हणून सांगितलं नाही. पण नऊ हजारांहून जास्त घरांतून एकच एक आकडा येतोय. शेवटी त्यांनी लिहिलं होतं : 'इतकी सरळ रेघ पृथ्वी काढत नाही. कुणावर राग नाही. पण घरात कुणी आकडे नीटनेटके करत आहे का?'

"आपल्याकडे कोण करणार?" हर्षल हसला. "आपली वैजू तर पेटीवरच झोपते."

वैजू हसली नाही. "आपलीच रेघ सरळ आहे पप्पा," ती म्हणाली. "मलाच उतरलेले दिसतात. वहीत नसतात."

मी बोलले नाही. तेव्हाही नाही.

सकाळी पडताळणीला तळेकर मॅडम आल्या. पन्नाशीच्या, घाटातल्या वळणांनी पांढऱ्या पडलेल्या. पाणी प्यायल्या, फॉर्म चाळला, चौदावा रकाना बघून म्हणाल्या, "सत्त्याण्णव टक्के! वा. बेटा, एक वाचन माझ्यासमोर घेऊन दाखव, की झालं."

वैजू पेटीसमोर पालथी पडली. एक मिनिट झालं, दोन झाली. पेन्सिल वहीवर टेकलेली, पण चालेना. मग ती उठून बसली.

"मॅडम, मला नाही येत. मी चुकीचं वाचते. मला हॉस्टेलला पाठवा. तिथे शिकवतील नीट."

सानिका म्हणाली, "वैजू! काय बोलतेस?"

"खरं बोलत्ये. मी रोज चुकते. आजीला विचार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टुलावर बसले होते. तिथूनच म्हटलं, "मॅडम, तुम्ही वाचा. शेवटचे दोन आकडे. बोलू नका, कागदावर लिहा. वैजू, तू पण लिही. तुझ्या डोळ्यांना दिसतं तेच."

तळेकर मॅडमनी चष्मा वर सरकवला, साडी सावरली आणि सरळ फरशीवर पालथ्या पडल्या. त्यांच्यामागून वैजू. दोन कागद माझ्या हातात आले. मॅडमचे सत्त्याहत्तर, वैजूचे शहात्तर. तक्त्यातले सेहेचाळीस वजा केले. एकतीस आणि तीस.

"वहीत काल काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"साठ," मी म्हटलं. "ते मी लिहिलंय. ऑक्टोबरपासून सगळे मी लिहिलेत. हिने एकही चुकीचं वाचलेलं नाही."

बाहेर पवनचक्कीची पाती वाऱ्याला कापत होती. वैजू माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर मी ओळखली नाही. एवढ्या वर्षांत हजारो मुलं माझ्यासमोर बसली, तसं कुणी कधी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

"तू म्हणालीस मी दोनदा चुकले," ती म्हणाली.

"हो."

"माझे डोळे तपासले."

"हो गं."

ती उठली, वही उचलली आणि आतल्या खोलीत गेली.

तळेकर मॅडम पदरावरची धूळ झटकत खुर्चीवर बसल्या. "खऱ्या आकड्यांनी जुळणी किती होते?"

"अडतीस टक्के," मी म्हटलं. मी ती कधीच काढून ठेवली होती.

"म्हणजे रकान्याप्रमाणे शेरा. आणि शेरा म्हणजे..." मग सानिकाला म्हणाल्या, "बारावीला मी g काढला होता. नऊ पूर्णांक एक्याऐंशी. लंबकाला हात न लावता." पुन्हा माझ्याकडे वळल्या. "मी रकाना कोरा ठेवते. का ठेवला ते कारण जोडावं लागतं. ते तुम्ही लिहा. तुमच्या सहीने, तुमच्या जुन्या हुद्द्यासकट."

मी लिहिलं. दोन पानं लागली. आत कॉलेजातलंही आलं, ते आणल्याशिवाय पुढचं समजलं नसतं. एक प्रत निलोफर शेख यांना पाठवली. त्यांनी विचारलं, नावासकट सगळ्या घरांना पाठवू का? मी हो म्हटलं.

चार दिवसांत उत्तरं यायला लागली. कुणाची आई, कुणाचे आजोबा, कुणाचा काका. सगळ्यांनी तोच फॉर्म वाचला होता आणि सगळ्यांच्या हाताला तीच सवय होती. जतजवळच्या एकाने लिहिलं होतं : 'बाई, मी तुमच्या ब्याण्णवच्या बॅचचा. एखादं थोडं चुकवा म्हणजे खरं वाटतं, हे तुम्हीच सांगितलंत. नातवाच्या वहीत मी तेही केलं.' ते पत्र मी घडी करून ठेवलं, पुन्हा उघडलं, पुन्हा ठेवलं.

पुसलेले आकडे परत कसे आणायचे, ही युक्ती मुलांनीच काढली. मुलं पेन्सिल दाबून लिहितात, तिची खालच्या पानावर खळी पडते; मोठ्यांनी हलक्या हाताने लिहिलेलं तिथे पोचत नाही. त्यावर पेन्सिलीचं शिसं आडवं, हलक्या हाताने फिरवलं की काळ्या पानावर पांढरे आकडे वर येतात. वैजूने आमची चौसष्ट पानं एकटीने केली. मला खोलीत येऊ दिलं नाही. दारातून मला दिसायचं, तिची बोटं काळी झालेली आणि ओठ हलतायत. एकावन्न. त्रेचाळीस. अडतीस. स्वतःचे आकडे ती स्वतःला परत वाचून दाखवत होती.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मोप्रने नकाशा दाखवला. वसाहतीतले सगळे आमच्याकडे जमले होते. पडद्यावर महाराष्ट्र, अर्धं कर्नाटक, आणि चाळीस हजार ठिपके. एक ठिपका म्हणजे एक घर, एक मूल. जमीन जड तिथे निळा, हलकी तिथे पिवळा. निलोफर शेख म्हणाल्या, "मी काही समजावून सांगत नाही. बघा फक्त."

सप्टेंबरपासून दिवस पुढे सरकायला लागले. आधी सगळं निळं होतं. मग पठारांच्या माथ्यावर पिवळ्या चिरा पडल्या. आमचं पठारही पिवळं झालं, आणि त्यात आमचा ठिपका. निळा रंग उतारावरून खाली निघाला, पण नद्यांच्या वाटेने नव्हे. त्याच्या वाटा वेगळ्या होत्या, काळ्या खडकाच्या थरांमधून, भेगांमधून, एका डोंगराखालून निघून दुसऱ्या डोंगराच्या पलीकडे. कुठे तो थांबून महिनाभर साठत राही, मग एकदम सुटे. एका मुलाच्या ठिपक्यातून दुसऱ्या मुलीच्या ठिपक्यात, तिच्यातून तिसऱ्यात. मुंगीपेक्षाही सावकाश, पण पुढेच सरकत होता. जुलैत आमच्या छपरावर वाजलेलं पाणी डिसेंबरात तीस किलोमीटरवरच्या एका अनोळखी गावाखाली पोचत होतं.

आम्ही ज्याला जमीन म्हणतो, घट्ट, मुकी, ती आतून चालत होती. हे आजवर कुणी असं पाहिलं नव्हतं. आणि ते पाहिलं होतं कुणी, तर पालथं पडून एक मिनिट टक लावणाऱ्या पोरांनी. शेजारच्या खोतवहिनींनी पडद्याला हात जोडले. हर्षल भिंतीला टेकून उभा होता. मी त्या निळ्याकडे बघत होते आणि माझ्या प्रत्येक बॅचमधलं एकेक पुसलेलं वाचन मला आठवत होतं. त्यातल्या एखाद्यात काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

त्याच महिन्यात पडताळणीचं नवीन पत्रक आलं. चौदावा रकाना बदलला होता : 'वाचन मुलाने स्वतः घेतले आहे काय?' वैजू घरीच राहिली. पण ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. वही दप्तरात, दप्तराला कुलूप, किल्ली गळ्यात. मी समजूत घातली नाही. घालायला माझ्याकडे काही नव्हतं.

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत ती माझ्या खोलीत आली आणि एक कोरी वही माझ्या पुढ्यात टाकली.

"ही तुझी. रोज सकाळी मी वाचून झालं की तू वाचायचं. मला सांगायचं नाही. माझी बघायची नाही. निलोफरताई म्हणाल्या, एका पेटीला दोन वाचणारे असले तर चांगलं."

"मला पालथं पडता येत नाही गं."

"उशी देते."

तिने खरंच दोन उशा आणल्या. मी कशीबशी आडवी झाले. वैजूने दाराबाहेर जाऊन पाठ फिरवली. आकडे नाचत होते. माझा हात आपोआप सरळ आकडा शोधत होता, तो मी आवरला. एक मिनिट बघत राहिले. मग दिसलं तेच लिहिलं, आणि तक्त्यातलं वजा केलं.

संध्याकाळी दोन्ही वह्या पडद्यासमोर ठेवल्या. तिचे चोवीस होते, माझे सत्तावीस.

"तीनचा फरक कसा काय?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग दोन्ही आकडे होते तसे पाठवले.